फोर बाय फोर आणि एक कोंबडी

पाटणजवळच्या माझ्या मामाच्या गोठ्यात अकरा वर्षं एक जीप उभी होती. उभी म्हणजे विटांवर. तिची चाकं बैलगाडीला गेली होती, हुडाची ताडपत्री कडब्याच्या गंजीवर गेली होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंडी घालायची.

"न्यायची तर ने," मामा म्हणाला, "पर मामीला इच्यार. कोंबडीचं खातं तिच्याकडं हाय."

मामीनं परवानगी दिली, पण मी बाळंतिणीची खाट ओढून नेतोय असं तोंड करून.

मला मोह का पडला? पुण्यात माझ्याकडे एक शहाणी गाडी आहे. पट्टा लावला नाही की ती ओरडते, दार नीट लागलं नाही की ओरडते, मागे घेताना तर रडतेच. घरात या कामाला माणसं असताना गाडीकडून हे कशाला ऐकून घ्यायचं? जीप गप्प होती. तिला हॉर्नच नव्हता.

कराडचे मिस्त्री आले, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "हाडं चांगली हायेत." मग त्यांनी कुळी सांगितली. 1941 साली अमेरिकी फौजेसाठी निघालेली विलीस, 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत चालवलेली तिची जुळवणी, आणि ही त्याच घराण्यातली. फौजेचं मला माहीत नाही, पण या जीपनं मामाच्या हाताखाली सहा वर्षं वडाप मारलं होतं. आत चौदा, मागच्या फळीवर तीन, बॉनेटवर शेळी. पुढच्या संकटांना ती तयार होती. तयार नव्हतो तो मी.

इंजिन दीड महिन्यात बोललं. डिझेल लाइन हवा धरायची. हातपंप मारून मारून माझा उजवा दंड पैलवानाचा झाला, डावा कारकुनाचाच राहिला. पण सुरू झाल्यावर जो काळा धूर निघाला, त्यात गोठ्यातल्या म्हशी दोन मिनिटं दिसेनाशा झाल्या. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मी टायर घेतले. मूळचे सहा-सोळा, सायकलीला शोभतील असे. मी आणले एकतीस इंची, चिखलातले, रिमसकट. ते वळताना मडगार्डांना घासायला लागले. म्हणून गाडीची उंची वाढवली. गाडी उचलली म्हणून चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिरका झाला आणि आपल्या सांध्यांतले क्रॉस खाऊ लागला. क्रॉस बदलले, तर स्टेअरिंग दोघांनी मिळून फिरवायची वेळ आली! म्हणून नाना पेठेत तीन शनिवार घालवून पॉवर स्टेअरिंग गोळा केलं. आता गाडी वळत होती, पण थांबत नव्हती; ब्रेक दोनदा पंप केल्यावर तिसऱ्यांदा विचार करायचे. म्हणून पुढे डिस्क ब्रेक.

"सायेब," मिस्त्री एकदा चहाच्या बशीत फुंकर घालत म्हणाले, "जुन्या गाडीत समदे पार्ट एकमेकाला सांभाळून म्हातारे झालेले असत्यात. एक तरणा आणला, की बाकीचे आजारी पडत्यात."

हे त्यांनी टायर घेण्याआधी सांगितलं असतं तर? पण मग त्यांचं नवं कंप्रेसर कुठून आलं असतं?

पंधरा वर्षांवरच्या गाडीची पुन्हा नोंदणी करायची, तर पासिंग आलं. तेव्हा आमच्या वकील मेहुण्यानं कायदा काढला. गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, कलम 52. सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये तेच बजावलंय. मेहुणा हे फार आनंदानं सांगत होता. झालं, जे जे घातलं ते ते काढलं. त्यात पेंटरनं पत्र्यावर इतकी मन लावून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, की चासीचा नंबरच बुजला. पेन्सिलनं छाप घ्यायला गेलो तर छाप आला तो पेंटरच्या बोटांचा. दोन तास पॉलिश पेपर घासला तेव्हा नंबराचा पहिला आकडा दिसला.

उरला प्रश्न मूळ चाकांचा. मामा फुकट द्यायला तयार नव्हता. शेवटी अदलाबदल ठरली. आज सबंध पंचक्रोशीत एकतीस इंची ऑफरोड टायरांची एकच बैलगाडी आहे, आणि खरं सांगतो, ती कुठंही अडकत नाही.

मे महिन्यात पासिंग झालं. नवं हूड, नव्या सीटा, हिरवागार रंग. पहिली स्वारी कोयनेच्या बाजूला काढायची म्हणून मी शनिवारी पहाटेच्या एसटीनं गावी पोचलो, किल्ली घेऊन गोठ्यात गेलो. ड्रायव्हरच्या नव्या रेक्झिनवर तांबडी बसली होती. पिसं फुलवून, डोळे बारीक करून. हात पुढे केला तर चोच मारली.

"खुडूक बसलीया ती," मामी मागून म्हणाली. "बारा अंडी हायेत. उठवायची न्हाई."

"किती दिवस?"

"एकवीस. आज तिसरा."

दुपारच्या एसटीनं मी पुण्याला परत आलो. खिडकीतून मामाची बैलगाडी दिसली. चिखलातून मस्त निघाली होती.