४३.१० म्हणजे नक्की किती?

पावसाळा लागला की सांगलीत एकच प्रश्न, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे गावभागातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून मिळेल तो आकडा मी एक्सेलमध्ये टिपून ठेवतोय. मित्र म्हणतात खजिना आहे. मलाही तसंच वाटायचं.

परवा भाच्याने कॉलेजच्या प्रोजेक्टला फाईल नेली. रात्री फोन. "मामा, ४३.९ नंतर एकदम ४३.१ कसं? मध्येच पाणी उतरलेलं काय?"

उतरतंय कुठलं! ४३ फूट १० इंच मी ४३.१० असं टाकलेलं आणि एक्सेलने शेवटचं शून्य खाल्लं. आता ४३ फूट १ इंचसुद्धा तसाच दिसतो. फरक नऊ इंचांचा. नऊ इंचांत उंबऱ्याबाहेरचं पाणी घरात येतं.

संशोधकांनी २०१६ मध्ये 'फेअर' नावाची तत्त्वं मांडली. माहिती सापडावी, हाती यावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. वाचलं तेव्हा वाटलेलं, ही मोठ्या प्रयोगशाळांची कामं. पण जुळण्याचंच बघा. कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये, अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, आयर्विन फूट-इंचांत. मी तिन्ही शेजारी मांडले आणि एककाचा रकाना केलाच नाही. मला माहीत होतं ना!

व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरवली की आकडे खुले झाले, हे म्हणूनच मला पटत नाही. कधीची नोंद, कुणी घेतली, कशात मोजली, हे नसेल तर तो नुसता फोटो. त्या तत्त्वांतलं एक कलम मला फार आवडलं : मूळ माहिती नष्ट झाली तरी तिचं वर्णन शिल्लक राहावं.

आणि सगळंच खुलं करा असं ती तत्त्वंही म्हणत नाहीत. कुणाला, कोणत्या अटीवर मिळेल, ते स्पष्ट लिहा म्हणतात. त्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या पूरग्रस्तांची यादी बँक खात्यांच्या नंबरासकट ग्रुपवर फिरत होती. ती कुणाच्या भल्याची होती?

आता फूट वेगळे, इंच वेगळे केलेत. पहिल्या पानावर 'आधी हे वाचा' लिहिलंय. काही नोंदी अजून सुटत नाहीत. भाचा म्हणतो, मागचं-पुढचं बघून अंदाजाने भर. तिथे मी 'शंका' एवढंच लिहून ठेवलंय.