पहाटे तीनचे वाचक

आमच्या नाशिकला गोदावरीचा पूर मोजायला यंत्र लागत नाही. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला एवढे विचारले की पुरते; पाणी त्याच्या गुडघ्याला लागले म्हणजे काय आणि छातीला लागले म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. माझ्या संकेतस्थळाच्या वाचकांसाठी मात्र असा मारुती नव्हता. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा, नळाच्या वेळा आणि मुख्य म्हणजे जुन्या वाड्यांवरचे माझे दीर्घ लेख, असा ऐवज मी तीन वर्षे पदरमोड करून मांडत होतो; पण "अहो, हे वाचतं तरी कोण?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नापुढे मी निरुत्तर होत असे. अखेर पुण्याच्या भाच्याने फोनवरून एकेक पायरी सांगत माझ्याकडून गूगल अ‍ॅनालिटिक्स हे वाचक मोजणारे साधन जोडून घेतले. "मामा, आता वाचकांची कुंडलीच समोर येईल," असे तो म्हणाला.

कुंडलीतला पहिला योग असा निघाला की, माझे बहुसंख्य वाचक पहाटे तीन वाजता वाचतात. मला गहिवरून आले. काकडआरतीच्याही आधी उठून, अजून चहासुद्धा न घेता नाशिककर माझे वाडे वाचतो आहे, हे चित्र मी चार दिवस उराशी बाळगले आणि गजर लावून पहाटे अडीचला लेख टाकू लागलो. पाचव्या दिवशी भाच्याने खाते तपासले. ते उघडताना वेळेच्या रकान्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ होती आणि मी ती न वाचताच 'पुढे' दाबले होते. तिथले उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. म्हणजे दुपारी साडेतीनला आलेला वाचक माझ्याकडे पहाटे तीनचा म्हणून लागत होता. वेळ दुरुस्त झाली, जुन्या नोंदी मात्र तशाच राहिल्या. चार पहाटांची झोपही परत मिळाली नाही.

दुसरा योग मुंबईचा. निम्म्याहून अधिक वाचक मुंबईत दिसत होते, म्हणून पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या नाशिककरांसाठी मी 'गोदाकाठची आठवण' अशी हळवी लेखमाला सुरू केली. मग कळले की गाव ओळखले जाते ते इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि मोबाइलवाल्याचा तो पत्ता पुष्कळदा कंपनीचे मोठे केंद्र जिथे असेल त्या शहराचा लागतो. माझे मुंबईकर पंचवटीतच होते. त्यांना गोदाकाठ आठवायचे कारणच नव्हते, तो त्यांना खिडकीतून दिसत होता.

उरलेल्यांत अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न नावाच्या गावातून नेमाने येणारी मंडळी होती. तिथे मराठी मंडळ असावे आणि आपल्याला गणपतीत व्याख्यानाचे बोलावणे यावे, इथवर मी पोहोचलो होतो. पण अ‍ॅशबर्नमध्ये आहेत ती डेटा सेंटरे, म्हणजे संगणकांची कोठारे; पानेच्या पाने न वाचता चाळणारी यंत्रे तिथून सुटतात, आणि ओळखीची यंत्रे गाळली गेली तरी काही चाळणीतून निसटतात. राहता राहिले तीन अत्यंत निष्ठावान वाचक, दिवसातून पाच-पाच वेळा येणारे. एकाच माणसाचा फोन, लॅपटॉप आणि कचेरीतला संगणक हे तीन वाचक म्हणून मोजले जाऊ शकतात, हे समजल्यावर हे निष्ठावान त्रिकूट म्हणजे मीच, हे सौभाग्यवतींनी माझ्याआधी ओळखले.

खरा घाव पुढेच होता. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलेला, दुसरे पान उघडलेला किंवा आपण नेमून दिलेली एखादी महत्त्वाची कृती केलेला पाहुणाच या हिशेबात 'गुंतलेला' ठरतो. माझ्या वाड्यांवर कोणी गुंतत नव्हते, हे एक वेळ समजू शकते (लाकडी तुळईवरच्या नक्षीसाठी मी बाराशे शब्द खर्चिले होते). पण सर्वाधिक उघडले जाणारे धरणाच्या विसर्गाचे पानही चार-पाच सेकंदांत सोडले जात होते, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

श्रावणात पाणी वाढले त्या बुधवारी मी गोदाघाटावरच्या बाजारात होतो. एका भाजीवाल्याने फोन काढला. व्हॉट्सअ‍ॅपवरची माझी लिंक त्याने उघडली, क्युसेकचा आकडा पाहिला, फोन खिशात टाकला आणि टोमॅटोचे क्रेट वरच्या पायरीवर चढवायला सुरुवात केली. चार सेकंद. अहवालात हा माणूस न गुंतलेला, बहुधा मुंबईकर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले अनेकदा 'थेट', म्हणजे पत्ता स्वतः टाकून आलेले, म्हणून लागतात त्याप्रमाणे, माझा पत्ता तोंडपाठ असलेला.

मला राहवले नाही. "दादा, तो आकडा रोज मीच टाकतो," मी म्हणालो.

त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "बरं झालं भेटलात," तो म्हणाला, "मग धरा हे त्या बाजूनं."