श्रेयांक आणि काळी नखं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले चार दिवस शैक्षणिक धोरण पेटलंय. काडी टाकली सांगलीच्या दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने. २०२० च्या धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षण, १० दिवस दप्तर घरी ठेवून सुतार-कुंभार-माळ्याकडे उमेदवारी, शिवाय त्याच धोरणावर बेतलेल्या पुढच्या आराखड्यात शाळेतल्या तासांनाही श्रेयांक. हा सगळा "गरिबाच्या पोराला रंधा देऊन सुतारच ठेवायचा डाव" आहे, असं त्याचं म्हणणं. खाली अंगठ्यांची रांग. (श्रेयांक म्हणजे आपलं क्रेडिट, शिकलेल्या तासांची खात्यात जमा होणारी नोंद, हे मला दोनदा वाचल्यावर कळलं. इतकी वर्षं बाहेर राहिलं की असं होतं.)

माझं डोकं फिरलं ते डावामुळे नाही, दादामुळे. त्याचा स्वतःचा मुलगा अकरावीला 'इंटिग्रेटेड'मध्ये आहे. प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात, पोरगा दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजचं तोंड बघायचं ते जर्नलवर सही घ्यायला. हे शिक्षण, आणि रंधा हातात घेतला की डाव?

इथे अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेंटनला माझी मुलगी बारावीत आहे आणि गेलं दीड वर्ष शाळेत जवळजवळ जातच नाही. ती रनिंग स्टार्ट करते. वॉशिंग्टन राज्याने १९९० साली कायदाच केला: अकरावी-बारावीच्या मुलांनी हवं तर कम्युनिटी कॉलेजात जाऊन शिकावं. कॉलेजची फी माफ, पुस्तकं आपली. कॉलेजचा पाच क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे शाळेचं एक क्रेडिट, दोन्ही खात्यांत जमा. कॉलेजची ९० क्रेडिट्स झाली की असोसिएट डिग्री. शाळा संपतानाच विद्यापीठाची पहिली दोन वर्षं पदरात. तिच्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात शेजारी रात्रपाळी करून आलेला, चाळिशी ओलांडलेला ट्रक ड्रायव्हर थर्मास घेऊन बसतो. त्याच्या शिकण्यात कुणाला डाव दिसत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा जोरातच लिहिलं.

लिहिलं नाही ते असं. पहिल्याच क्वार्टरला केमिस्ट्रीत तिला ४ पैकी २.१ मिळाले आणि सोळाव्या वर्षीचे ते २.१ कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचे चिकटले. काही खाजगी विद्यापीठं ही क्रेडिट्स मानतच नाहीत. शाळेतल्या मैत्रिणी सुटल्या, कॉलेजात तिच्या वयाचं कुणी नाही. लायब्ररीच्या मागच्या टेबलावर ती एकटी डबा खाते आणि बसमध्ये ऑर्का कार्ड टेकवून घरी येते. ग्रुपवर हे कोण सांगतं!

आणि धाकट्याबद्दल तर मी सरळ खोटं लिहिलं. तो अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस स्किल्स सेंटरला असतो. पिवळी बस दुपारी तिकडे नेऊन सोडते. विषय ऑटोमोटिव्ह. ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल. त्यातल्याही काही तासांना कम्युनिटी कॉलेजात क्रेडिट मिळतं. त्याने फॉर्म आणला तेव्हा मी तो आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवला, सही न करता. नवऱ्याला म्हणाले, "आपण एवढ्या लांब आलो ते याच्यासाठी?" ग्रुपवर माझं वाक्य आहे, 'तो ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगचं बघतोय.' दादाने त्यालाही अंगठा दिला.

मग रात्री झोप येईना, तेव्हा आठवली आमच्या कॉलेजमागची पत्र्याची शेड. किमान कौशल्यवाल्यांचे, म्हणजे बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) घेतलेल्यांचे वर्ग तिथे भरायचे. आम्ही सायन्सवाले त्यांना 'एमसीव्हीसीवाले' म्हणायचो. एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. व्यवसायशिक्षण माझ्याकडेही होतं बरं का, पण ते वेगळं! बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स, २०० मार्कांचं, स्कोअरिंग. सोल्डरिंग गन नीट हातात धरली ती फक्त परीक्षेत. त्यासाठी दुसरी भाषा सोडावी लागायची, मी मराठी सोडलं. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. दादानेच फॉर्म भरून दिला होता.

त्याला 'डाव' दिसतो तो त्या शेडमुळे, हे मला कळतं. त्याला मी ते सांगणार नाही.

आबा, माझे वडील, एमआयडीसीत ३१ वर्षं टर्नर होते. त्यांची नखं कधी पांढरी पाहिली नाहीत. लग्नाला जाताना ते रॉकेलच्या बोळ्याने हात घासायचे. तुझे हात असे व्हायला नकोत, एवढंच म्हणायचे, आणि झाले नाहीत.

गेल्या रविवारी पाऊस थांबला होता. धाकटा ड्राइव्हवेत आमच्या कॅमरीचं पुढचं चाक काढून ब्रेक पॅड बदलत होता आणि तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा वळवू की नको, असं झालं. फोन त्यानेच माझ्या हातातून ओढून घेतला, सगळ्या स्क्रीनवर ग्रीस. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसून म्हणाले, "नट कितीचा आहे रे?"

"ट्वेंटी वन, आबा."

"एकवीस म्हण."

"एक... वीस?"

"जोडून म्हण. आणि पान्यावर पाय देऊ नकोस, घसरतो."