पोटली हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही

थंडी पडायला लागली आणि आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, हॉस्पिटलात बेड मिळत नव्हते त्या दिवसांत, तो घराघरांत पोचला होता. मजकूर साधारण असा: कापराची वडी, चमचाभर ओवा, पाच-सहा लवंगा आणि निलगिरी तेलाचे दोन-चार थेंब फडक्यात बांधा, दिवसभर हुंगत राहा, ऑक्सिजनची पातळी वाढते; लडाखला पर्यटकांना हीच पोटली देतात. यंदा त्याला शेपूट जोडलंय. सगळं नैसर्गिक, अपाय शून्य, तान्ह्या बाळाच्या पाळण्यालाही बांधा. आणि तेल शुद्ध असेल तर अंघोळीच्या पाण्यात टाका, थेट अंगाला लावा, दोन थेंब कोमट पाण्यातून घ्या.

मेसेज पाठवणाऱ्या मामींचा नातू अडीच महिन्यांचा आहे. पोटली पाळण्याला बांधून त्यांनी फोटोही टाकला. तो बघितला आणि लिहायला बसले. मी बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि घरी बाम, केसांचं तेल, उटणं करून नातेवाइकांना देत आलेय. या तेलांवर माझा जीव आहे, म्हणूनच हे सांगते.

आधी ऑक्सिजनचं बघू. कापराच्या रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. हा एकटा ऑक्सिजन कार्बनला दुहेरी बंधानं घट्ट जखडलेला आहे. तो सुटून श्वासात येत नाही. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिओल यांचंही तेच. पोटलीतून हवेत जातात ते हे रेणू जसेच्या तसे. रक्तात ऑक्सिजन चढतो तो फुप्फुसांच्या पिशव्यांतून हिमोग्लोबिनवर, आणि फुप्फुसं सुजलेली असतील तर कुठलाही वास त्या पिशव्या मोकळ्या करत नाही.

मग हुंगल्यावर मोकळं का वाटतं? वाटतं हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. नाकाच्या आतल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारी एक प्रथिनाची खिडकी असते. पुदिन्यातलं मेन्थॉल तिला उघडतं, निलगिरीतलं सिनिओलही काही प्रमाणात उघडतं, आणि मेंदूला वाटतं की नाकातून गार वारा वाहतोय. ही खिडकी २००२ साली मेन्थॉलच्याच मदतीनं सापडली. त्या वाटेवर काम करणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, कार्डिफच्या संशोधकांनी कापूर, निलगिरी आणि मेन्थॉल हुंगायला देऊन लोकांच्या नाकातला हवेला होणारा अडथळा मोजला होता. लोक म्हणाले, नाक मोकळं झालं. यंत्रावर अडथळा होता तेवढाच.

यात जिवावर बेतणारी गोष्ट अशी की कोविडमध्ये कित्येकांना ऑक्सिजन उतरत असतानाही दम लागल्याचं जाणवत नव्हतं. अशा माणसाला पोटलीनं आणखी बरं वाटलं तर हॉस्पिटल गाठायचे तास निघून जातात. 'पोटलीनं ऑक्सिमीटरवर ९३ चे ९६ झाले' असं सांगणारेही भेटतात. हुंगताना माणूस ताठ बसून खोल श्वास घेतो, तेवढ्यानं आकडा थोडा वर येऊ शकतो. पोटली बाजूला ठेवून पाच खोल श्वास घ्या आणि पुन्हा बघा.

लडाखचं थोडक्यात. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश असतो, म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी येतो. त्यावर उपाय म्हणजे पहिले दोन दिवस विश्रांती, डॉक्टरांनी दिलं असेल तर ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध, आणि त्रास वाढला तर ऑक्सिजन लावून खाली उतरणं. पोटली कुणी हातात दिलीही असेल, पण तिनं हवेचा दाब बदलत नाही.

आता 'नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य'. इथे मला थांबून बोलायचंय.

अमृतधारा कशी होते ते कुणी जवळून बघितलंय का? कापूर, पुदिन्याचं सत्त्व, ओव्याचं सत्त्व. तिन्ही कोरडे, पांढरे, खडखडीत खडे. समान वजनानं काचेच्या बाटलीत घालायचे, बूच लावायचं आणि हलवायचं. पाण्याचा थेंब न घालता काही मिनिटांत खड्यांच्या कडा ओलसर होतात, मग बाटलीत नितळ तेल डुलायला लागतं. एकत्र आल्यावर तिघांचा वितळणांक खोलीच्या तापमानाखाली उतरतो, म्हणून हे घडतं. वर्गात दरवर्षी करून दाखवायचे, आणि मुलांचे डोळे विस्फारले की लगेच फळ्यावर हिशेब मांडायचे: ५ मिलिलिटरच्या या बाटलीत कापूर किती? जवळजवळ दीड ग्रॅम. आणि साधारण १ ग्रॅम कापूर पोटात जाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. कापरानं आकडी येते, आणि ती गिळल्यापासून पाच-दहा मिनिटांतही येऊ शकते. अमेरिकेत कापूर घातलेलं तेल विकायला १९८२ मध्ये बंदी आली ती अशाच विषबाधांमुळे. झाडापासून काढलेला असो की टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला, कापराचं हे विषारीपण जात नाही. देवघरातली कापराची डबी रांगत्या मुलाच्या हाताला येईल अशी ठेवू नका. निलगिरीचंही तसंच, लहान मुलाच्या पोटात ५ मिलि म्हणजे एक चमचा गेलं तर शुद्ध हरपू शकते. मुलानं यातलं काही गिळलंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

तान्ह्या बाळाला तर गिळायचीही गरज नाही. कापूर किंवा मेन्थॉलचा उग्र वास अगदी नाकाशी आला तर बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो. घशाचं दार आपोआप मिटतं. म्हणूनच छातीला चोळायच्या बामच्या डबीवर दोन वर्षांखालील मुलांना लावू नका असं छापलेलं असतं. शिवाय पाळण्याला टांगलेली पोटली बाळाच्या हाताला लागली की ती तोंडातच जाणार. आणि ज्यांच्याकडे पांढरी गोळी म्हणजे कापूरच असा समज आहे त्यांनी नीट बघावं: कपाटातली डांबरगोळी बहुधा नॅफ्थलिनची असते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या लाल पेशी तिनं फुटतात.

'शुद्ध असेल तर थेट लावा' हे उलटं आहे. तेल जितकं शुद्ध तितकं तीव्र. लवंगेत साधारण पंधरा टक्के तेल असतं, म्हणजे लवंग तेलाचा एक थेंब झाला तीन-चार लवंगांचा. पाच थेंब म्हणजे वीसेक लवंगा. तेवढ्या लवंगा चहात कुणी घालेल का? दुखऱ्या दाढेवर निव्वळ तेलाचा बोळा ठेवून हिरडी पांढरी पडून सोललेली मी माझ्याच घरात बघितलीय. युजेनॉल पोटात जास्त गेलं तर यकृत बिघडतं. ही तेलं काय ताकदीची आहेत ते बघायचं असेल तर फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळा. सालीतल्या लिमोनीननं रबर विरघळून फुगा फुटतो.

अंघोळीच्या पाण्यात तेल मिसळत नाही. बादलीत निलगिरीचे पाच थेंब टाकून उजेडात बघा, वर तवंग दिसेल. पहिल्या तांब्यासरशी तो जसाच्या तसा अंगावर, डोळ्यांत. मीठ घालून फरक पडत नाही. आधी खोबरेल तेलात मिसळून अंगाला लावा, मग पाणी घ्या. लिंबाच्या सालीचं पिळून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात, हेही लक्षात ठेवा.

घरी बाम करणाऱ्यांसाठी माझं माप सांगते. १ मिलि म्हणजे साधारण २० थेंब. १०० मिलि खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे २० थेंब घातले की एक टक्का झाला, मोठ्या माणसाच्या अंगाला तेवढा पुरतो. चेहऱ्याला त्याच्या निम्मा. दोन वर्षांखाली एकही थेंब नाही, आणि त्यापुढच्या लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ निलगिरी-पेपरमिंट नेऊ नका. मेण घालायचं असेल तर ते तेलात वितळवून, खाली उतरवून, कोमट झालं की थेंब टाका. गॅसवर टाकलेत तर वास उडून जातो आणि वाफ पेटूही शकते. त्वचेला सोसतं का हे बघायला आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. संत्र्याचं किंवा टी ट्रीचं तेल उघडून फार दिवस झाले असतील तर ते टाकून द्या, हवेनं जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त चावतं.

मामींना फोन केला तेव्हा त्यांनी आधी एकच विचारलं, "अगं, पण बाळाचं नाक चोंदतंय रात्री, मी करू काय?" प्रश्न अगदी रास्त होता. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, दूध पाजायच्या आधी एकेक थेंब घाला, असं सांगितलं. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध सोडत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे. संध्याकाळी त्यांनी दुसरा फोटो टाकला. पाळणा मोकळा होता, आणि पोटली माळ्यावरच्या ट्रंकेत, लोकरीच्या शालींवर.