आधी कर, मग भाव

जुनी गाडी घेताना बोलणी आधी कराची व्हावीत आणि भावाची त्यानंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे होते नेमके उलटे. महामार्गालगतच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलेला माणूस टायर दाबून पाहतो, बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, पुन्हा मारलेला रंग सापडतो का म्हणून दाराच्या कडेवरून बोट फिरवतो, मीटरवरच्या किलोमीटरवर शंका घेतो आणि पाच-दहा हजारांसाठी तासभर घासाघीस करतो. मात्र रोड टॅक्सचा विषय निघाला की ‘लाइफटाइम भरलेला आहे, साहेब’ एवढ्या एका वाक्यावर त्याचे समाधान होते. हे वाक्य बहुतेक वेळा खरेच असते. विचारायचे राहते ते एवढेच, की तो कर कोणत्या राज्यात भरला आहे.

एका सहकारी बँकेत वाहनकर्जाचे कागद तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. त्यामुळे नात्यात आणि ओळखीत कोणी गाडी बघायला निघाले की फोन मला येतो. आलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच असते. आपल्या राज्यात खाजगी मोटारीवर एकरकमी कर घेतला जातो आणि तो त्या गाडीचा कर असतो. गाडी महाराष्ट्रातच एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, तर नव्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. गाडी राज्याची हद्द ओलांडून इथे कायमची राहायला आली, की महाराष्ट्राचा कर नव्याने उभा राहतो, मग तिकडे कितीही भरलेला असो.

म्हणून ‘एमएच’ क्रमांकाच्या, कर भरलेल्या गाडीच्या व्यवहारात ‘ट्रान्सफर टॅक्स’ नावाची रक्कम कोणी मागितली, तर ती कशाची आहे हे शांतपणे विचारावे. खाजगी मोटारीच्या हस्तांतरणाची शासकीय फी ३०० रुपये आहे. तिच्यावर स्मार्ट कार्ड आणि टपाल यांचे किरकोळ शुल्क लागते आणि नवीन कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर त्याचे १,५०० रुपये वेगळे होतात. यापुढची रक्कम एजंटाची किंवा दुकानदाराची मजुरी असते. मजुरी घेण्यात गैर काही नाही, नाशिकच्या पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयात खेटे घालायला सगळ्यांनाच सवड नसते. पण मजुरीला कराचे नाव देऊ नये, आणि दिलेच तर त्याची सरकारी पावती मागावी. पावती मागितली की बहुतेक वेळा आकडा खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत गाडीचा तपशील काढला की कराच्या मुदतीच्या रकान्यात एक तर तारीख दिसते किंवा ‘एलटीटी’ ही अक्षरे दिसतात. एलटीटी म्हणजे आजीवन कर भरलेला आहे. तारीख दिसली तर तिथेच थांबावे, कारण त्या गाडीचा कर ठरावीक मुदतीपुरताच भरलेला आहे आणि त्यापुढचा कोणी भरायचा हा प्रश्न व्यवहारात मोकळा पडलेला आहे. एलटीटी दिसले तरी क्रमांक कोणत्या राज्याचा आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नाशिकमध्ये हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त वेळा येण्याला कारणे आहेत. देवळाली आणि नाशिक रोडला लष्कराचा तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना, नाशिक रोडला नोटांचा छापखाना. देशभरातून बदलीवर आलेली माणसे आपापल्या राज्यांच्या गाड्या घेऊन येतात आणि पुढची बदली झाली की त्यांतल्या काही इथेच विकून जातात. पेठ ओलांडले की गुजरात लागतो, थोडे पुढे गेले की सिल्वासा. त्यात दिल्लीच्या गाड्यांची भर पडली आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाची आणि मग सर्वोच्च न्यायालयाची बंधने आली, तेव्हापासून वय भरत आलेल्या चांगल्या गाड्या तिथून बाहेर निघतात आणि त्यांचा सुरुवातीचा भाव ऐकून आपल्याकडच्या माणसाचे डोळे चमकतात.

माझ्या भाच्याचेही तसेच झाले. सातपूरच्या एका कंपनीत तो नोकरी करतो. ‘मामा, दिल्ली पासिंगची डिझेल आहे, चार वर्षांची, सात लाखांत देतोय, हेच मॉडेल आपल्या नाशिकच्या एमएच १५ मध्ये आठच्या खाली नाही,’ असे त्याने उत्साहाने सांगितले. कराचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘दुकानदार म्हणतो, सात लाखांवर चौदा टक्के धरा, त्यातही आपण कमी करून घेऊ.’ या एका वाक्यात दोन चुका होत्या. कराची आकारणी सौद्याच्या किमतीवर होत नाही, ती गाडी नवी घेतली तेव्हाच्या बिलातल्या किमतीवरून सुरू होते आणि गाडीच्या वयानुसार रक्कम कमी होत जाते; आणि कर ही एजंटाने ‘कमी करून घेण्याची’ गोष्ट नसते, तो प्रणालीत मोजला जातो आणि सरकारी खात्यात जमा होतो.

आम्ही दुकानदाराकडे मूळ बिलाची प्रत मागितली. आधी ‘ती आता कुठे असणार’ असे उत्तर आले, दोन दिवसांनी ती फोनवर आली. किंमत बारा लाख होती. आपल्याकडे पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा दर आहे; डिझेलला हेच टप्पे १३, १४ आणि १५ टक्क्यांचे आहेत. बारा लाखांच्या नव्या डिझेल गाडीचा कर १,६८,००० रुपये होतो आणि वयाची घट याच आकड्यातून मिळते. घट धरून येणारी रक्कम, दिल्लीहून गाडी आणण्याचा खर्च, ना-हरकत प्रमाणपत्राची धावपळ आणि नवीन क्रमांकाच्या पाट्या हे सगळे मांडल्यावर एक लाखाच्या स्वस्ताईतले हाती लागण्यासारखे काही उरले नाही. भाच्याने शेवटी पाथर्डी फाट्याजवळची स्थानिक गाडी घेतली. दिल्लीची गाडी वाईट होती असे मी म्हणत नाही. तिचा सात लाख हा भाव पूर्ण भावच नव्हता, एवढेच मला म्हणायचे आहे.

याला दुकानदाराकडे एक ठरलेले उत्तर असते: ‘वर्षभर तसाच क्रमांक चालतो, काही होत नाही.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे हे खरे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला क्रमांक घ्यावा लागतो, असे ते कलम सांगते. ते कलम क्रमांकाविषयी आहे. कर हा राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा विषय आहे आणि ज्याने गाडी इथे राहण्यासाठीच विकत घेतली आहे, त्याने वर्षभराची करमाफी मिळाल्याच्या थाटात फिरू नये. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याची गोष्ट निराळी आणि त्याच्याकडून गाडी विकत घेणाऱ्या नाशिककराची निराळी.

आता ज्या मुद्द्यावर मला खरोखर राग येतो तो मुद्दा. गाडी राज्याबाहेर गेली की उरलेल्या काळाच्या कराचा काही भाग परत मागण्याची सोय अनेक राज्यांत आहे, महाराष्ट्राच्या कायद्यातही परताव्याची तरतूद आहे. मात्र परतावा मिळतो तो जुन्या राज्यातून, तिथल्या नियमाने, आणि नव्या राज्यात नोंदणी होऊन कर भरल्याचा पुरावा दिल्यावर. म्हणजे आधी इथे पूर्ण रक्कम भरायची आणि मग तिकडच्या कार्यालयात अर्ज घेऊन उभे राहायचे. बरे, अर्ज करणार कोण? गाडी विकली गेली असेल तर कर ज्याने भरला तो जुना मालक तिकडे, नव्या नोंदणीचा कागद ज्याच्याकडे तो खरेदीदार इकडे. दोघांची पुन्हा गाठ पडण्याचे कारण नाही, म्हणून पुष्कळदा परतावा कोणीच मागत नाही. गाडीचा सगळा इतिहास एकाच राष्ट्रीय प्रणालीत नोंदलेला असताना, एका राज्याने नोंदणी केली की दुसऱ्या राज्याकडचा परतावा आपोआप निघावा, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही. रस्ते ज्या राज्याचे वापरायचे त्या राज्याला कर द्यावा, हे तत्त्व मला मान्य आहे. एकाच काळाचा कर दोन राज्यांनी ठेवून घ्यावा, हे मान्य नाही.

तोपर्यंत व्यवहारातच तोड काढता येते. परतावा आल्यास तो कोणाचा, हे विक्रीच्या करारात एका ओळीत लिहावे आणि विक्रेत्याचा असेल तर भावात तेवढी सवलत मागावी, कारण त्याला तो मिळणार आहे तो तुमच्या नव्या आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, प्रतीच्या जोरावर. ओझर-देवळालीकडून बदलून जाणाऱ्या नोकरदारांना हे समजावून सांगितले की ते पटकन मान्य करतात, असे मी पाहिले आहे. दुकानदार मात्र विषय बदलतात.

बीएच, म्हणजे ‘भारत’ मालिकेच्या क्रमांकाच्या गाड्याही आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली आणि तिचा कर दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांनी भरायचा असतो. त्यामुळे अशी गाडी घेताना शेवटचा टप्पा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे इंजिनाच्या आधी पाहावे. मुदत उलटली की दिवसाला १०० रुपयांप्रमाणे विलंब आकार चढतो आणि वर्षभर झोपलेल्या मालकाची गाडी त्या आकारासकट तुमच्या दारात येते. ही सवलत केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर यांच्यासाठी आहे. तुम्ही त्यात बसत नसाल, तर नियमित क्रमांक आणि राज्याचा कर हा खर्च सौद्याच्या आधीच धरून चला.

शिर्डी-त्र्यंबकच्या भाड्यांवर पळालेली पिवळ्या पाटीची गाडी पांढरी करून विकण्याचा उद्योगही आपल्याकडे जोरात आहे. तिचा कर व्यावसायिक वाहनाच्या हिशेबाने भरलेला असतो, खाजगी नोंदणी करताना त्याचा हिशेब नव्याने होतो. असे रूपांतर आरसीवर पूर्ण झाल्याशिवाय इसार देऊ नये. ‘करून देतो’ हे शब्द या बाबतीत मी ग्राह्य धरत नाही.

तेरा-चौदा वर्षांची स्वस्त गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक आकडा मनात धरावा. पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणीचे नूतनीकरण येते, ते पाच वर्षांसाठीच होते, एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याचे ५,००० रुपये लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. आजीवन कर भरलेला आहे याचा अर्थ यातून सुटका झाली असा होत नाही.

राहता राहिले कागद. राज्यातल्या राज्यात हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३०, परराज्यातून आली तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नवीन क्रमांकासाठी नमुना २७, जुन्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी बँकेच्या पत्रासह नमुना ३५. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन ठेवण्याची जी पद्धत आहे ती दोघांच्याही हिताची नाही. विक्रेत्याचा मोबाइल क्रमांक नोंदणीत चालू आहे का तेही पाहावे, नाही तर ओटीपीसाठी महिनाभर त्याच्या मागे फिरावे लागते. ई-चलनाची थकबाकी आणि विम्याचे नाव बदलणे ही कामे त्याच बैठकीत उरकावीत. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, तुम्हाला मिळत नाही, म्हणून विम्याचा फरकही हिशेबात येऊ द्यावा.

आणि पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. कर भरल्याची पावती आणि तुमच्या नावाचे आरसी हाती येईपर्यंत, कराच्या अंदाजित रकमेइतके पैसे लेखी करार करून राखून ठेवावेत. विक्रेत्याने कुरकुर केली तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय सांगावा: गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागितली जाऊ शकते. हे ऐकल्यावर पेठ रोडला सोबत येण्याची घाई विक्रेत्यालाच जास्त होते.