वास गेला म्हणून गॅस गेला नाही

तेल-वायूच्या साइटवर काम करणाऱ्यांच्या फोनवर एक मेसेज सतत फिरत असतो. हायड्रोजन सल्फाइडपासून, म्हणजे साइटच्या बोलीतल्या एचटूएसपासून, वाचायचे पाच ‘सोपे नियम’ त्यात असतात. सडक्या अंड्यांचा वास हाच इशारा, तो थांबला की धोका टळला. गॅस जड आहे, म्हणून उंचावर चढा. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा. गॅस मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसलं की बिनधास्त काम करा. कोणी कोसळलाच तर श्वास रोखून त्याला ओढून काढा. पाचांतल्या प्रत्येकात कणभर तथ्य आहे, त्यामुळे ते पटकन पटतात. एकेक करून तपासू.

‘वास थांबला की धोका टळला’

नाक या गॅसच्या बाबतीत फार तिखट असतं. ०.०१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आसपासही वास कळतो. पण १०० पीपीएमच्या घरात काही मिनिटांतच वासाची जाणीव बधिर होते आणि १५०च्या पुढे ती जवळपास बंदच पडते. म्हणजे ‘मघाशी येत होता, आता येत नाही’ याचे दोन अर्थ निघतात: गॅस पांगला, किंवा वाढला. यातलं खरं कुठलं, हे नाकाला सांगता येत नाही. ५०० ते ७०० पीपीएममध्ये माणूस काही मिनिटांत लडखडून पडतो. ७०० ते १०००मध्ये एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. वास आला की निघायचं, इतकाच नाकाचा उपयोग. न येणाऱ्या वासावरून काहीच ठरवायचं नाही.

‘उंचावर चढा’

एचटूएस हवेच्या १.१९ पट जड आहे, हे बरोबर. विहिरीचा सेलर (तोंडाभोवतीचा खोलगट खड्डा), इतर खड्डे, गटारं इथे तो साचतो. पण साइटवर तो शुद्ध रूपात क्वचितच सुटतो. मिथेनमध्ये मिसळलेला किंवा गरम असेल तर तो वरही जातो. शिवाय साइटवरची ‘उंच जागा’ म्हणजे बहुधा टाकीचा माथा, आणि गेजिंगची हॅच, म्हणजे टाकीतली पातळी मोजायचं झाकण, तिथेच उघडते. टाकीतून एचटूएस न येताही निव्वळ हायड्रोकार्बनच्या वाफा ऑक्सिजन ढकलून माणसाला आडवा करू शकतात. अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळात हाताने गेजिंग करताना किंवा नमुना घेताना नऊ कामगार दगावल्याची नोंद तिथल्या निऑश आणि ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थांनी केली आहे.

पाहायचा तो विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. आधी वाऱ्याला आडवं चालत गॅसच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, मग वारा येतो त्या दिशेला जायचं. ठरलेला असेंब्ली पॉइंट (सगळ्यांनी जमायची जागा) गॅसकडून वारा वाहत जातो त्या बाजूला येत असेल तर पर्यायी पॉइंट गाठायचा. हॅच उघडताना वारा बाजूने वाहील असं उभं राहावं. वारा थेट पाठीवर घेतला तर शरीराच्या पुढ्यात भोवरा तयार होतो आणि वाफ तोंडाशी ओढली जाते. हे बऱ्याच अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतं.

‘ओला रुमाल’

याचा हिशेब करता येतो. ५०० पीपीएम म्हणजे लिटरभर हवेत साधारण ०.७ मिलिग्रॅम एचटूएस. अर्ध्या लिटरचा एक श्वास घेतला की त्यातून ०.३५ मिलिग्रॅम आलं. रुमालात ५० मिलिलिटर स्वच्छ पाणी धरलं, तर या मात्रेला ते जेमतेम ०.१ मिलिग्रॅम विरघळवून घेतं. पहिला श्वास पुरा व्हायच्या आत रुमाल भरला. पाणी थोडं अल्कधर्मी असलं तरी फरक दोन-चार श्वासांचा. कार्ट्रिजचा (गाळणी लावलेला) मास्कही अनोळखी मात्रेत किंवा ऑक्सिजन कमी असताना चालत नाही, कारण तो हवा गाळतो, निर्माण करत नाही.

‘मीटरवर शून्य’

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. चार गॅसच्या मीटरवर चार वेगळे आकडे असतात, आणि त्यातला ज्वलनशील वायूचा आकडा, ‘एलईएल ०’, पाहून एचटूएस नाही असं मानणारे कमी नाहीत. एलईएल म्हणजे खालची स्फोटमर्यादा, हवेत वायू पेटू शकतो ती किमान मात्रा; मीटर तिचे टक्के दाखवतो. एचटूएसची ही मर्यादा सुमारे ४.३ टक्के, म्हणजे ४३,००० पीपीएम. तिचा एक टक्का झाला ४३० पीपीएम. एलईएलचा नेहमीचा १० टक्क्यांचा अलार्म वाजायची वाट पाहिली तर तोवर ४,३०० पीपीएम झालेले असतील आणि तो ऐकायला कोणी शुद्धीवर नसेल. पाहायचा तो एचटूएसचा स्वतंत्र आकडा. त्याचा अलार्म बहुतेक ठिकाणी १० पीपीएमला लावलेला असतो.

तो आकडाही खोटा असू शकतो. सेन्सरच्या जाळीवर चिखल, मेण किंवा पाणी बसलं तर गॅस आत जातच नाही आणि पडद्यावर शांतपणे शून्य राहतं. ही गोष्ट फक्त बम्प टेस्टमध्ये उघडी पडते: दर पाळीआधी माहीत असलेला गॅस काही सेकंद सोडायचा आणि अलार्म वाजतो का पाहायचं. मीटर चालू करताना होणारी स्वतःची तपासणी म्हणजे बम्प टेस्ट नव्हे. टेस्टच्या सिलिंडरची मुदतही बघा, कारण एचटूएस टिकाऊ नसतो. सिलिकॉनचे स्प्रे ज्वलनशील वायूचा कॅटलिटिक (वायू जाळून मोजणारा) सेन्सर कायमचा निकामी करतात. त्या सेन्सरला चालायला ऑक्सिजन लागतो, म्हणून बंद जागेत आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू हा क्रम. मीटर नाकापासून वीतभर अंतरात, कॉलरजवळ हवा. खिशातला मीटर खिशातली हवा मोजतो.

‘श्वास रोखून ओढून काढा’

८० किलोचा निपचित देह ओढायला लागलात की श्वास रोखून धरता येत नाही, आणि पुढचा श्वास तिथल्याच हवेचा असतो. २०१९ साली टेक्सासमधल्या ओडेसाजवळच्या एका पंपिंग केंद्रात एक कामगार एचटूएसने मरण पावला आणि त्याला शोधायला आलेली त्याची पत्नीही तिथेच दगावली. त्याचा मीटर अंगावर नव्हता, गाडीत होता.

सहकारी पडलेला दिसला तर आधी स्वतः बाहेर, मग अलार्म, मग डोकी मोजायची. एससीबीए, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा मास्क, घातलेले दोघे आत जातात, तिसरा बाहेरून नजर ठेवतो. मास्क लावल्यावर नळीचं तोंड तळव्याने बंद करून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला नाही तर गळती आहे. दाढी असेल तर तो नीट बसणारच नाही. ६ लिटरच्या, ३०० बारने भरलेल्या सिलिंडरमध्ये अंदाजे १,८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, पण देह ओढताना खप दुप्पटही होतो. साधारण ५५ बारला हवा संपत आल्याची शिट्टी वाजते, तेव्हा जेमतेम ३३० लिटर उरलेले असतात. मध्यम श्रमात ही आठ मिनिटं, ओढताना चार. परतीची वाट याहून लांब असेल तर शिट्टीची वाट न पाहता आधीच फिरायचं. बाहेर काढलेल्या माणसाला तोंडाने श्वास देऊ नये, हाताने दाबून हवा देणारा बॅग-मास्क वापरावा.