दोन सलाईन, दाबून जेवण आणि विषय संपला? नाही हो

आपल्या नाशिकच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. ‘न जेवण्याचा आजार म्हणजे कॉलेज रोडच्या पोरींचे चोचले. दोन सलाईन लावा, दाबून खाऊ घाला, वजन वाढलं की विषय संपला. सिस्टरने फक्त ताट पुढे ठेवायचं.’ मी वॉर्डात काम करते, त्यामुळे गप्प बसवेना.

चोचले? या न जेवण्याच्या आजारात, म्हणजे अॅनोरेक्सियात, नाडी चाळीसच्या घरात येते, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, मुलग्यांनाही होतो हा. आणि सिडको-सातपूरच्या कामगार वस्तीतल्या घरातही होतो, फक्त तिथे ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

आता सलाईन आणि दाबून खाणं, हा सगळ्यात डेंजर सल्ला. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, मग हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावूही शकतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१), मग थोडं थोडं खाणं, रोज रक्त तपासणी, ईसीजी. घरच्यांना वाटतं आम्ही पोरीला उपाशी ठेवतोय!

वजन वाढलं की संपलं, तर बुलिमियात, म्हणजे भरपूर खाऊन मग मुद्दाम उलट्या काढण्याच्या आजारात, वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं. उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं, दातांचं इनॅमल झिजलेलं, घशात बोटं घालून घालून हाताच्या सांध्यांवर घट्टे. वजनकाटा यातलं काय सांगणार?

राहिलं ताट. वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच गाऊनमध्ये करायचं, कारण काट्यावर चढण्याआधी पेशंट पाणी पिऊन येतात. जेवताना शेजारी बसायचं, पोळीचे तुकडे रुमालात जातायत का बघायचं पण पोलिसासारखं नाही, जेवणानंतर तासभर तिला बाथरूमला एकटं सोडायचं नाही, म्हणून पत्ते खेळायचे, गप्पा मारायच्या, ती रडली तर रडू द्यायचं. ‘छान गुबगुबीत दिसतेयस’ हे वाक्य चुकूनही नाही, तिला त्यात फक्त ‘जाड’ ऐकू येतं आणि दुसऱ्या दिवशी ताट तसंच परत. आईवडिलांनाही हेच शिकवावं लागतं, घरी गेल्यावर शेजारी त्यांनाच बसायचंय.

आणि भेटायला येताना शिऱ्याचा डबा आणू नका, आधी सिस्टरला विचारा. घरात असं कोणी असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.